आभाळातून दिसणारं वावर

सुरतेतल्या दुकानात बसलेलं गिऱ्हाईक मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटं फाकवतं आणि शहाद्याचं शिवार झपकन जवळ येतं. दक्षिणेला तापीचा रुंद पट्टा, सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजमागे तुंबलेलं पाणी, उत्तरेला सातपुड्याची सुरकुतलेली भिंत, मधून वळणं घेत आलेली गोमाई. पपईची बाग ठिपक्यांच्या रांगांवरून ओळखू येते, केळी गडद हिरवी दिसते, कापूस उपटून झालेलं वावर मातकट. लोणखेड्याच्या बाजूला आखलेले बिनशेती प्लॉट चौकटीच्या वहीसारखे दिसतात. फोनवर दलाल सांगत असतो, "तो रस्त्याला लागूनचा गट बघा शेठ, त्याच्याच मागे आपलं वावर." शेठ बघतात. बांध दिसतो, विहीर दिसते, झाडं मोजता येतात. शहाद्यात पाऊल न टाकताच त्यांना वाटतं, वावर पाहून झालं.

हे पाहणं फुकट जात नाही. जमिनीच्या बाजारात इतका तटस्थ साक्षीदार पूर्वी कधी मिळाला नव्हता. जाहिरातीत 'डांबरी रस्त्यालगत' म्हणून छापलेल्या प्लॉटपर्यंत बैलगाडीची वाटसुद्धा पोचत नाही, हे चित्रात अर्ध्या मिनिटात कळतं. गूगल अर्थवर जुन्या तारखा मागे सरकवत गेलं, की आज जिथे लेआउट आहे तिथे काही पावसाळ्यांपूर्वी नाला वाहत होता हेही दिसू शकतं. इस्रोचं 'भुवन' हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ २००९ पासून सगळ्यांना खुलं आहे. राज्याच्या महाभूनकाशावर गटांच्या हद्दी घरबसल्या पाहता येतात. नदीकाठच्या जमिनीसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे बरेच निर्बंध उठवले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोनचे नियम सैल झाले. जी माहिती एकेकाळी सरकारच्या आणि लष्कराच्या कपाटात असायची, ती आता प्लॉट घेणाऱ्याच्या खिशात आली. आयुष्यभराची पुंजी घालून जमीन घेणाऱ्या शिक्षकाला, नर्सबाईला या चित्रामुळे फसवणूक टाळता आली, तर त्या चित्राचे आभारच मानायला हवेत.

प्रश्न त्यापुढचा आहे आणि तो जुना आहे. वावर दिसलं म्हणजे ते कळलं का? आणि कळलं, तरी तेवढ्यानं ते कुणाचं आहे हे ठरतं का?

सातबाराचा उतारा हातात घेऊन नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. गाव नमुना सातवर ज्याचं नाव असतं त्याला तिथे 'मालक' म्हटलेलं नसतं, 'भोगवटादार' म्हटलेलं असतं. भोगवटादार वर्ग एक, भोगवटादार वर्ग दोन. भोग घेणारा. त्याच कागदावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना आहे. कुळाचं नाव, सोसायटीचं कर्ज, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, शेजाऱ्याची पिढीजात वाट, बहिणींचे हक्क, 'आदिवासी जमीन, हस्तांतरणास बंदी' असा शेरा, हे सगळं त्या रकान्यात येतं. हा रकाना कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. कॅमेऱ्याला विहीर दिसते, विहिरीत तीन भावांचे तीन हिस्से आहेत हे दिसत नाही. पायवाट दिसते, पण ती वहिवाटीनं कुणाची झाली हे दिसत नाही.

मराठीतला सर्वांत थोर तत्त्वज्ञ या प्रश्नाशी शेतकऱ्याच्याच भाषेत भिडला होता. गीतेचा तेरावा अध्याय क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा आहे. क्षेत्र म्हणजे शरीर, आणि ते जाणणारा तो क्षेत्रज्ञ. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला या अध्यायावर बोलताना ज्ञानेश्वरांनी क्षेत्र हा शब्द सोडून दिला नाही, त्यातलं शेत त्यांनी जागं केलं. हे शेत नेमकं कोणाचं, यावर नाना मतांचे वादी भांडताहेत असं चित्र त्यांनी उभं केलं. एक म्हणतो, शेत जीवाचं. प्राण त्याचं कूळ. प्राणाच्या घरी चार भाऊ राबतात. मन देखरेख करतं. इंद्रियांचे बैल औताला जुंपलेले आहेत. दुसरा म्हणतो, खोटं, शेत प्रकृतीचं. कुणी म्हणतं, स्वभावाचं. कुणी म्हणतं, काळाचं. वाचताना तहसील कचेरीतली हक्काची तक्रारच चालू आहे असं वाटतं. सव्वासातशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला आत्म्याचा प्रश्न समजावून सांगायला कूळ, बैल आणि कुळवाडी हाताशी लागली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला 'शेत कोणाचं' हा प्रश्न रक्तात माहीत होता.

याच अध्यायात परमपुरुषाला दिलेलं एक नाव फार मोलाचं आहे: उपद्रष्टा. नुसता द्रष्टा नाही. 'उप' म्हणजे जवळ. जवळ राहून पाहणारा, स्वतः न गुंतणारा. मुंडक उपनिषदातल्या एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते; एक फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. पाहणारा पक्षी त्याच झाडावर बसलेला आहे, आकाशात उंच घिरट्या घालत नाही. आपल्या परंपरेत साक्षी ही कल्पना जवळिकीची आहे. अंतर असतं ते लोभापासून, वस्तूपासून नव्हे. पडद्यावरून वावर पाहणाऱ्याचं बरोबर उलट होतं: वस्तू कित्येक मैल लांब आणि लोभ मात्र बोटाच्या टोकाशी. कॅमेरा निर्लोभ असतो हे खरं. पण त्याचा निर्लोभपणा पाहणाऱ्याच्या अंगी आपोआप येत नाही.

या मातीशी गीतेचं नातं आणखी एका वाटेनं आहे. शहादा पूर्वी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्या पश्चिम खानदेशच्या मुख्य ठिकाणी, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. हेच विनोबा एकोणीस वर्षांनी, एप्रिल १९५१ मध्ये, तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान मागायला उभे राहिले. क्षेत्र-क्षेत्रज्ञाचा विचार करणारा माणूस शेवटी खरोखरच्या क्षेत्राशी आला, हे ओघानंच झालं.

जमीन देता येते का, हाही प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला आहे. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानानं सर्वस्व दान करायचं असतं. मग राजानं हा यज्ञ केला तर त्यानं पृथ्वीही द्यायची का? जैमिनीची मीमांसासूत्रं सांगतात, नाही. भूमी सर्वांना सारखीच आहे, ती दानात धरता येत नाही. शबरस्वामींनी भाष्यात भेद स्पष्ट केला: एखाद्याचं शेत त्याचं असू शकतं, पण अख्ख्या पृथ्वीवर राजाचीही मालकी नाही. राजाकडे रक्षणाचं काम आहे आणि त्याबद्दल त्याला पिकाचा वाटा मिळतो, इतकंच. शतपथ ब्राह्मणात तर विश्वकर्मा भौवन नावाच्या राजानं पृथ्वी दान करायचं म्हटल्यावर पृथ्वीच त्याला बजावते की कुणाही मर्त्यानं मला देता कामा नये. यज्ञातल्या दक्षिणेची चर्चा करता करता त्या लोकांनी मालकीची मर्यादा आखून ठेवली. शेतावर माणसाचा हक्क असतो, पण तो भूमीच्या पोटातला एक छोटा, सशर्त हक्क असतो. आजचा कायदा 'भोगवटादार' म्हणतो तेव्हा नकळत तो याच जागेवर येऊन उभा राहतो.

आता शहाद्याकडे वळू, कारण या प्रश्नाची किंमत इथल्या लोकांनी मोजलेली आहे.

खानदेशात मोजणीची भीती जुनी. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी सारा ठरवण्यासाठी इंदापूरपासून, १८३५-३६ च्या सुमारास, पद्धतशीर मोजणी सुरू केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही प्लॉटचा भाव ज्या गुंठ्यावर बोलला जातो, तो त्या साखळीतून आलेला आहे. ही मोजणी खानदेशात पोचली तेव्हा, १८५२ साली, सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी जमावानं विरोधाला उभे राहिले. मोजलं म्हणजे सारा वाढणार, हे त्यांना नकाशा न वाचताही समजलं होतं.

सपाटीवरच्या भिल्लांच्या जमिनी पुढे मोजणीनं नव्हे, कागदानं गेल्या. सावकाराचं कर्ज, गहाणखत, काय लिहिलंय ते न कळता उठवलेला अंगठा. कालचा कसणारा आज त्याच वावरावर सालदार झाला. १९७१ मध्ये पाटीलवाडीत जमीनदार आणि आदिवासी यांच्यात झालेल्या संघर्षानं हा प्रश्न राज्यभर पोचला. सर्वोदयाच्या कामातून आलेले अंबरसिंग महाराज सुरतवंती पुढे होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर, विजय कान्हेरे यांच्यासारखी शहरातून आलेली शिकलेली मुलं त्यात उतरली आणि त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. त्यांची पद्धत आभाळातून पाहण्याच्या नेमकी उलट्या टोकाची होती: गावोगाव चालत जायचं, कुणाचं वावर कुणाच्या नावावर कधी आणि कसं चढलं हे माणसांच्या तोंडून ऐकायचं, फेरफार काढून ताडून पाहायचं. १९७४ च्या कायद्यांमागे या आणि अशाच लढ्यांचा जोर होता. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्याची वाट त्यांनी उघडली. जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीनं विकत घ्यायची तर राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीनं जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली परवानगी लागते. अंबरसिंग महाराज त्याच वर्षी, १९७४ ला गेले.

भूमुक्ती मेळावा भरला त्याच १९७२ साली, २३ जुलैला, पृथ्वीची जमीन न्याहाळण्यासाठी पाठवलेला पहिला लँडसॅट उपग्रह अमेरिकेनं सोडला. डिसेंबरात अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी संपूर्ण पृथ्वीचा तो प्रसिद्ध निळा फोटो काढला, ज्यात एकही हद्द नाही. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका साधारण ऐंशी मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे सुमारे दीड एकराचा होता. शहाद्याच्या ज्या एका एकरासाठी माणसं मार खात होती, तो एकर त्या चित्रात एक ठिपकाही भरला नसता.

ठिपक्याचा हा प्रश्न आकाराचा वाटतो, पण सातपुड्यात तो पोटाचा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मानला. तेव्हा कोण कसत होतं हे ठरवायचं कसं? नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या शेजारी, सीमेपलीकडच्या गुजरातेत हजारो दावे उपग्रहचित्राकडे बोट दाखवून फेटाळले गेले: चित्रात शेत दिसत नाही. आपल्या दूरसंवेदन उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे जवळपास साडेपाच गुंठ्यांचा. डोंगरउतारावरचं एकराचं वावर त्यात सात ठिपक्यांत संपतं. त्यात दोन-चार महू आणि एक आंबा उभा असेल, वर्षभर पडीक ठेवलं असेल, तर ते सात ठिपके जंगलाच्याच रंगात मिसळतात. २०१२ मध्ये केंद्राच्या सुधारित नियमांनी स्पष्ट केलं की उपग्रहचित्र इतर पुराव्याला आधार देऊ शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानंही केवळ उपग्रहचित्रावर दावे नाकारता येणार नाहीत असं म्हटलं.

या गोष्टीचा दुसरा भाग जास्त शिकवणारा आहे. नर्मदा जिल्ह्यातल्या देडियापाडा, सागबारा भागात आर्च वाहिनी या संस्थेच्या मदतीनं गावकऱ्यांनी स्वतः जीपीएस यंत्रं हातात घेऊन आपापल्या वावराच्या कडेनं फेरी मारली, ती आकृती जास्त स्पष्ट उपग्रहचित्रावर ठेवली आणि ग्रामसभेसमोर मांडली. शेजारी हजर, वनखात्याला निरोप दिलेला, आक्षेप असेल तर तिथल्या तिथे बोला. पुरावा पुन्हा उपग्रहचित्राचाच. मोठा फरक हा की आधी बांध चालला गेला आणि मग चित्र पाहिलं गेलं. चित्रानं ज्याचा हक्क पुसला होता, त्याच्याच हातात ते पुरावा झालं.

बांधावरच्या एका दगडाकडे जरा वाकून पाहू. नारळाएवढा, शेंदूर फासलेला, तेल पिऊन काळवंडलेला, पायाशी सुकलेलं फूल आणि जळून उरलेली उदबत्तीची काडी. सपाटीवर त्याला म्हसोबा म्हणतील. सातपुड्यात गावाच्या शिवेवर वाघदेव पूजतात. बाजारात मिळणाऱ्या उत्तम उपग्रहचित्राचा एक ठिपका सुमारे तीस सेंटिमीटरचा असतो. हा दगड त्या एका ठिपक्यातच मावतो आणि हरवतो. ड्रोननं पाच सेंटिमीटरपर्यंत खाली आलं तर तो दहा-बारा लालसर ठिपक्यांनी दिसेल, पण तो देव आहे, आणि दोन भावांनी भांडण मिटवताना त्याच्यावर हात ठेवून हद्द कबूल केली होती, हे पाच सेंटिमीटरलाही दिसणार नाही. ट्रॅक्टरनं वावर सपाट करताना तो सर्वांत आधी जातो. नव्या लेआउटच्या नकाशात तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलेलं असतं.

सरकारच्या एका योजनेचं नावच 'स्वामित्व' आहे. २४ एप्रिल २०२० ला ती सुरू झाली. गावठाणांची ड्रोननं मोजणी करून घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची. महाराष्ट्रानं याचा पहिला प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत केला होता. आपल्या भाषेत स्वामी हा शब्द घराच्या मालकालाही लागतो आणि सगळं सोडून निघालेल्या संन्याशालाही. ज्यानं स्वतःवर मालकी मिळवली तो स्वामी, मग जमिनीचं स्वामित्व कशानं मिळतं? या योजनेच्या कामातच याचं एक सुंदर उत्तर दडलेलं आहे. ड्रोन उडण्याआधी गावकरी, ग्रामपंचायतीचे लोक आणि भूमी अभिलेखचे कर्मचारी गल्लीगल्लीतून हिंडतात आणि घरांच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकतात. शेजारी बाहेर येतो, "अजून वीतभर तिकडे घ्या" म्हणतो, म्हातारी जुन्या गोठ्याची भिंत कुठे होती ते सांगते, कबुली होते, मग चुना पडतो. नंतर ड्रोन वरून जातो आणि ती पांढरी रेघ टिपतो. आभाळातल्या डोळ्यानं हद्द शोधलेली नसते. माणसांनी समोरासमोर मान्य केलेली हद्द त्यानं फक्त नोंदवलेली असते.

हाच क्रम योग्य आहे, आणि जमिनीत पैसा घालणाऱ्यालाही तो लागू आहे. वरून पाहणं ही पहिली पायरी म्हणून चांगली. शेवटची पायरी म्हणून ते अन्याय आहे. शहाद्यासारख्या ठिकाणी तर नक्कीच, कारण इथल्या स्वस्त दिसणाऱ्या रिकाम्या तुकड्याच्या स्वस्तपणामागे अनेकदा कुणाचा तरी अर्धवट राहिलेला हक्क असतो. चित्र तो तुकडा रिकामा दाखवतं. तो रिकामा नसतो. ३६-अ कलमाला बगल देऊन दुसऱ्याच्या नावानं, मुखत्यारपत्रावर, दीर्घ मुदतीच्या करारावर आदिवासीचं वावर घेणारा माणूस कायद्यापुढे तर दोषी आहेच, पण ज्या परंपरेच्या नावानं तो वास्तुपूजा घालणार, भूमिपूजनाला नारळ फोडणार, त्या परंपरेपुढेही दोषी आहे. भूमीची क्षमा मागून पहिली कुदळ मारायची आणि तिच्यावर राबलेल्या माणसाला डावलायचं, हे एकत्र बसत नाही.

शहादा तालुक्यातल्याच टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. आता जमिनीच्या तुकड्यालाही अक्षांश-रेखांशावरून चौदा अक्षरांकांचा 'भू-आधार' क्रमांक मिळतो आहे. माणसाला क्रमांक आला, वावराला क्रमांक आला. त्या दोन क्रमांकांमधलं नातं मात्र अजूनही विचारूनच कळतं.

तेव्हा शहाद्यात, किंवा कुठेही, जमीन घ्यायची असेल त्यानं चित्र जरूर पाहावं. मग सातबारा आणि सगळे फेरफार काढावेत, 'इतर हक्क' हा रकाना दोनदा वाचावा, सरकारी मोजणी मागवावी. आणि एका सकाळी, ऊन चढायच्या आत, त्या वावराच्या चारी बांधांवरून स्वतः चालावं. चारी शेजाऱ्यांना भेटावं. जो नांगर धरतो त्याच्याजवळ बसावं, दलालाला थोडं लांब थांबायला सांगावं आणि अहिराणीत विचारावं, "भाऊ, हाई वावर कोनं शे?" तो बोलायला वेळ घेईल. तेवढा वेळ थांबा.